दुसरी मूठ

दर नोव्हेंबरात बाबाला पुलगावच्या बँकेत जाऊन
आपण जिवंत आहोत हे सांगावं लागायचं.
अंगठा ठेवा, म्हणायची काउंटरवरची मुलगी.
बाबा ठेवायचा. यंत्र नाही म्हणायचं.
दुसरा ठेवा. नाही.
वाकस, रंधा, पटाशी, कानस,
रेघा केव्हाच तासून गेल्या होत्या.
"घरीच राह्यल्या असतीन," बाबा म्हणायचा,
"भुश्यात पाहा लागते."
मुलगी हसायची, मॅनेजरला बोलवायची,
आणि डोमाजी गणपत विरूळकर,
माजी सैनिक, व्यवसाय सुतार,
आणखी एक वर्ष हयात ठरायचा.

परतताना तो पुलाअलीकडे एसटीतून उतरे.
जुन्या कंडक्टरांनी नव्यांना सांगून ठेवलेलं.
पूल पायी ओलांडी, कठड्याला हात लावत,
पलीकडे बस थांबलेली,
आई खिडकीतून दुसरीकडेच पाहत.

मी सात वर्षांची असताना त्यानं मला
करवतीची दुसरी मूठ दिली.
भाऊ नव्हता म्हणून नव्हे.
भाऊ होता, तो ढकलायचा.
"वढाची असते, पोरी. ढकलाची नाई.
तुही पाळी झाली का सोडून दे,
मंग समोरचा वढते."
बाभळीचं खोड, लाल भुसा माझ्या झग्यावर.
तुंबा बाभळीचा, आरे बारा,
धाव चढवायच्या दिवशी गोवऱ्यांची गोल आग,
वरून पाणी पडलं की चाक एकदा कण्हायचं
आणि मग तीस वर्षं रस्त्यावर बोलत राहायचं.
बाबा ओसरीतून ऐके:
"वानखड्याची बंडी. डावा आरा ढिल्ला हाय."

मग टायरच्या बंड्या आल्या. त्या बोलत नाहीत.
बाबाही त्यावर काही बोलला नाही.
चौकटी केल्या, शाळेचे बाक,
एकदा सरपंचाच्या पोराच्या लग्नाला स्टेज,
त्याचे पैसे अजून यायचेत.
आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल,
चाकांवरचे, दरवर्षी अठ्ठावीस-तीस,
वशिंड जरा जास्तच मोठं,
लहान पोरांना धरायला तेवढंच सापडतं म्हणून.

लढाईचं विचारलं की एकच उत्तर.
सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी माइक पुढे केला, तेव्हाही.
"पानी लय थंडं होतं,"
आणि खाली बसला.
टाळ्या वाजल्या, थोड्या उशिरा.

एकदाच, वीज गेलेल्या रात्री,
बोलण्यात एक माणूस आला. इराप्पा.
बेळगावकडचा, की त्याच्याही खालचा.
बाबाला कन्नड येत नव्हतं, त्याला वऱ्हाडी.
खडकीपासून दोघे एकाच करवतीचे.
अंधारात पुलाच्या फळ्या कापायच्या, दिव्याशिवाय;
समोरचा दमला हे हाताला कळे.
सकाळी त्या फळ्यांवरून गाड्या गेल्या.
माणसं गेली.
त्यांच्यात इराप्पा नव्हता.
एवढं झालं आणि दिवे आले,
आई म्हणाली, भाकर थंडी होऊन राहिली.

गेल्या चैत्रात, सेवाग्रामच्या वॉर्डात,
ब्याऐंशीव्या वर्षी,
तो तीन दिवस माझं मनगट धरून होता.
नर्सला वाटे, दुखतंय त्यांना.
मला ती लय ओळखीची होती.
तिसऱ्या रात्री त्यानं मला इराप्पा म्हटलं.
"दमला काय बे?"
नाही, म्हटलं मी.
पुढं कुठल्या भाषेत बोलावं कळेना,
म्हणून हात हळूच माझ्याकडे ओढला,
आणि सोडला.
त्यानं ओढला.

आता नोव्हेंबर. कागदावर आईचं नाव.
तिच्या अंगठ्याला रेघा आहेत,
यंत्र पहिल्याच वेळी हो म्हणालं.
काउंटरवरची मुलगी काही तरी बोलणार होती,
मग तिनं पासबुक परत दिलं.

परतताना पुलाअलीकडे बस थांबली.
कोणी सांगितलं नव्हतं.
कंडक्टर तिकिटांचे पैसे मोजत राहिला.
मी आईकडे पाहिलं.
तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली,
पदर खोचला,
आणि उतरली.